लोकरीचं वारूळ

लोकरीचं वारूळ करायला मी बंगळूरला गेले होते. इतकं सरळ सांगितलं तरी आमच्या फलटणात कुणाला पटत नाही. "कुणाचं लग्न होतं का?" विचारतात. "डोळ्याचं ऑपरेशन?" विचारतात. साठीच्या बाईनं एकटीनं परगावी जायचं ते लग्नाला, बाळंतपणाला नाहीतर दवाखान्यात, असा कुणीतरी कधीतरी ठराव करून ठेवलेला दिसतो. तर ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी तोंडावर विचारलं नाही पण माघारी बोलले त्यांच्यासाठी तर मुद्दाम, हे सगळं लिहून काढते आहे.

आधी पोत्यांचं सांगते, कारण भांडण पोत्यांवरून होतं.

मी शाळेत खेळाची बाई होते. बत्तीस वर्षं खो-खोच्या पोरी पळवल्या. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी घराच्या पायरीवरून पडून उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण मूठ पुरती वळत नाही. डॉक्टर म्हणाले, जपून राहा. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, बसून राहा.

बसणं मला येत नाही. सकाळी मैदानाकडे फिरायला जायचे, तिथे कडेला मेंढ्यांचा कळप उतरलेला असायचा. एकदा बघितलं तर धनगर मेंढ्या कातरून ती काळी लोकर ओढ्यात ढकलत होता. मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, "मग काय करू बाई? घोंगडं कोण घेतंय आता? ठेवली तर कसर लागते." मी ती लोकर पोत्यात भरून घरी आणली. पुढच्या कातरणीला आणखी आणली. अशी पाच पोती झाली आणि अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत रचली. या लोकरीचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. फेकायची नाही, एवढं माहीत होतं.

माझा मुलगा नीलेश यानं गाडी घेतली आणि त्याला ती खोली पाडून तिथे गाडी लावायची होती. त्याच सुमाराला माझ्या एका जुन्या खेळाडूनं फोनवर जाहिरात पाठवली: बंगळुरात बसवनगुडीला दहा दिवसांचं शिबीर, निसर्गातले आकार घेऊन लोकरीची शिल्पं घडवणं. मी पैसे भरून मोकळी झाले. नीलेश म्हणाला, "आई, त्या हातानं?" मी म्हटलं, "याच हातानं. मी येईपर्यंत पोत्यांना हात लावायचा नाही." तो म्हणाला, "आणि काही नाही जमलं तर?" मी तोंडाची फटकळ. बोलून गेले, "या लोकरीचं काही उभं नाही राहिलं, तर पोती तू फेक आणि खोलीही पाड. शब्द देते." तो लगेच म्हणाला, "ठरलं."

सर्जापूर रोड

माझा धाकटा भाऊ वसंत पस्तीस वर्षं बंगळुरात आहे. सरकारी कारखान्यात इंजिनियर होता, आता सर्जापूर रोडला सातव्या मजल्यावर राहतो. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेलेली, त्यामुळे घरात तो आणि मी. मी लोकरीचं एक भलं मोठं गाठोडं घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"ताई, हे काय आणलंस गं?"

"मेंढी."

"इथं असं नाही चालत. सोसायटी आहे ही. स्वल्प समजून घे."

हे 'स्वल्प' मला दहा दिवस पुरलं. तिकडे 'थोडं' कुणी म्हणत नाही. रिक्षावाला स्वल्प पुढे सोडतो, भाजीवाली स्वल्प थांबायला लावते आणि माझा भाऊ मला स्वल्प शांत राहायला सांगतो.

शिबीर सुरू व्हायला एक दिवस होता, म्हणून मी बाल्कनीत बादल्या मांडून लोकर धुवायला घेतली. या लोकरीत काय नसतं! तूप लावल्यासारखा मेणचटपणा, गोखरू, लेंड्या, आणि माणदेशाची माती. तिसऱ्या पाण्याला बाल्कनीची मोरी तुंबली. काळं पाणी सहाव्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरला, सातव्या मजल्यावर काही मेलंय का, वास येतो आहे. वसंत खाली जाऊन माफी मागून आला. आल्यावर म्हणाला, "ताई, तुझं वय आहे का हे?" मी म्हटलं, "तुझंही माफी मागायचं वय नाही. मला पाठवायचं होतंस." मग मीच खाली गेले, त्यांच्या चादरी वर आणल्या आणि रात्री धुऊन दिल्या. त्या घरातली पोरगी कानडी, मी मराठी, पण चादर पांढरी झाली हे दोघींनाही कळलं.

बसवनगुडी

फलटणहून बंगळूर आणि सर्जापूर रोडहून बसवनगुडी, या दोन प्रवासांत मोठा कुठला हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून दोन्हींबद्दल लिहीत नाही. पण बसवनगुडीत उतरलं की जीव निवतो. मोठाली झाडं, बुटकी घरं, दारात रांगोळ्या, आणि कोपऱ्यावर उभ्यानं खायची इडली. तिथली कॉफी 'बाय टू' मागायची, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले करून देतात. आपल्याकडे अर्धा चहा मागितला तर माणूस चिकट ठरतो. तिकडे ती मैत्रीची रीत आहे. अख्खी कॉफी एकटीनं प्यायले तेव्हा मालकानंच मला विचारलं, "एकट्याच?"

शिबीर एका जुन्या घराच्या माडीवर होतं. लाल गुळगुळीत जमीन, लांब टेबलं आणि सहा पोरी. सगळ्या संगणकाच्या कंपन्यांतल्या, सुट्टी काढून आलेल्या. शिकवणारी नंदिता, चाळिशीच्या आतली, परदेशात शिकून आलेली. हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायची. मी ते इथे मराठीत सांगते आहे. पहिल्याच वाक्यात ती मला 'आंटी' म्हणाली. मी म्हटलं, "बाई म्हण. मला सगळे बाई म्हणतात." पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण तिकडे बाई म्हणजे भांडी घासणारी. मी म्हटलं, "मग काय झालं? तीही मीच घासते." दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बाई म्हणायला लागल्या.

आता हे फेल्टचं, म्हणजे लोकर दाबून घट्ट करायचं, काम असतं कसं, ते सांगते. विणायचं नाही, शिवायचं नाही. हव्या त्या आकाराचा एक सपाट साचा जाड प्लास्टिकचा कापायचा, होणार त्याच्या जवळजवळ दीडपट मोठा. त्याच्या दोन्ही अंगांना पिंजलेली लोकर पातळ पातळ थरांनी अंथरायची, एक थर उभा, एक आडवा. वर साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं आणि हळू चोळायचं. मग चटईत गुंडाळून लाटायचं, शेकडो वेळा. लोकरीचे केस एकमेकांत गुंततात आणि एक सलग कातडं तयार होतं. मग एका टोकाला चीर देऊन साचा काढून घ्यायचा, की हातात पोकळ पिशवी येते. तिला गरम पाण्यात घालून मळायची, आपटायची, ती आटत जाते, आणि आटता आटताच तिला बोटांनी आकार द्यायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी यजमानांचा स्वेटर कढत पाण्यात धुऊन बाहुलीच्या मापाचा केला होता. सासूबाई चार वर्षं ते सगळ्यांना सांगत होत्या. बंगळुरात हीच चूक शिकायला लोक रजा काढून येतात.

नंदितानं आम्हाला परदेशी मेंढ्यांची पांढरी लोकर दिली, म्हातारीच्या कापसासारखी मऊ. मी माझं गाठोडं सोडलं. तिनं काळी लोकर बोटांत घेऊन चोळली, वास घेतला आणि नाक न मुरडता म्हणाली, "ही जाड आहे. हिची सतरंजी होईल. शिल्प नाही होणार. ही उभी राहत नाही."

"उभी नाही राहिली की तुम्ही राहू दिली नाही?"

"बाई, मी करून बघितलंय."

मग तिनं माझं मनगट बघितलं. पट्टीचा वण लपत नाही. म्हणाली, "तुम्ही या पांढऱ्या लोकरीचा गोटा करा. नदीतला गुळगुळीत दगड. लहान असतो, छान होतो, हाताला त्रास नाही." मी म्हटलं, दगड मी माणदेशात पुष्कळ बघितलेत. पोरी हसल्या, नंदिता हसली नाही. तिनं एवढंच सांगितलं की तिच्याकडे एक नियम आहे. दहाव्या दिवशी लोक बघायला येतात. त्या दिवशी प्रत्येक वस्तू टेबलावर स्वतःच्या बळावर उभी पाहिजे. आत तार नाही, भरण नाही, खळ नाही. जी उभी राहील ते शिल्प, नाहीतर ते कापड. मला तो नियम आवडला. जन्मभर मी नियमांचंच खाल्लं आहे.

तिसऱ्या दिवशी ती आम्हाला लालबागेत घेऊन गेली, आकार शोधायला. पोरींनी शेंगा उचलल्या, झाडाच्या बुंध्यावरच्या अळंब्यांचे फोटो काढले, एकीनं कमळाचं वाळकं बोंड घेतलं. मी हिंडून हिंडून रिकाम्या हाताने परत आले. मला हवं ते मिळालं शिबिराशेजारच्याच गल्लीत, आणि दाखवलं शांताक्कानं.

शांताक्का माडी झाडायची आणि आमच्यासाठी पाणी तापवायची. मी लोकर पिंजताना मराठीत एक शिवी हासडली, तेव्हा ती पाठीमागून म्हणाली, "शिवी ब्येस हाय अक्का, पण पंखा बंद करा, सगळी लोकर उडते." तिच्या घरचे कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी इकडे आले. "तीनशे-चारशे वर्सं झाली म्हंतात. गाव कुठलं ते कुणाला ठावं नाय. भाषा तेवढी ऱ्हायली." ती मला अक्का म्हणायची, मी तिला अक्का म्हणायचे. रोज सकाळी दोघींत एक कॉफी.

तर तिनं मला पिंपळाच्या पारामागचं वारूळ दाखवलं. पोटरीपेक्षा उंच, कंगोरे कंगोरे असलेलं, वर चार-पाच नळकांडी. श्रावण चालू होता, त्यामुळे हळदकुंकू लावलेलं आणि समोर दुधाच्या रिकाम्या पिशव्या. मी पाऊण तास बघत बसले. एवढ्याशा मुंग्यांनी ओल्या मातीचं उभं केलं, आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की ही माती उभी राहत नाही. मी ठरवलं, गुडघ्याएवढं वारूळ करायचं, काळ्या लोकरीचं.

पाय

पाचव्या दिवशी दुपारी माझं मनगट सुजलं. साचा मोठा, लोकर जाड. पोरींच्या पांढऱ्या शेंगा तासाभरात घट्ट झाल्या आणि माझी काळी लोकर दीड दिवस चोळूनही सुटी ती सुटीच. चटई लाटायला दोन्ही हातांचा जोर लागतो. उजवा हात नुसता चटईवर ठेवला तरी कळ कोपरापर्यंत जात होती. नंदिता जवळ येऊन बसली. तिचा स्वभाव वाईट नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणाली, "बाई, यात हरण्यासारखं काही नाही. दोन मुली तुमची चटई लाटतील. किंवा पांढरी लोकर घ्या. अजून वेळ आहे." मला राग आला. तिचा नाही, हाताचा आला. हा हात सांगेल ते मी ऐकायचं का? मी बत्तीस वर्षं पोरींना सांगत आले की दमलेल्या अवयवाकडे लक्ष द्यायचं नाही, शाबूत कुठला आहे ते बघायचं.

आणि माझे पाय तर शाबूत होते.

आमच्या बाजारात लहानपणी एक म्हातारा बुरणूस करायचा. बुरणूस म्हणजे न विणता दाबून केलेलं जाड घोंगडं. तो ओली लोकर चटईत गुंडाळायचा, दोरीनं बांधायचा आणि भिंतीला धरून तिच्यावर नाचल्यासारखा चालायचा. त्याची लोकर हीच, काळी. मी चटई टेबलावरून खाली घेतली, दोरीनं बांधली, साडी खोचली आणि पाय धुतले. पोरी उठून उभ्या राहिल्या. मी पाय उचलला तेवढ्यात शांताक्का बादली टाकून धावत आली.

"बेडा! नको अक्का! वारूळ हाय न ते? देव हाय तो. देवावर पाय देता?"

माझा पाय हवेतच राहिला. सांगायला लाज नाही, मलाही आतून चरकलं. आपण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं. शिबिरात असला प्रश्न बाकी कुणाला पडलाच नसता. नंदिताला तर आम्ही कशावरून थांबलोय तेच कळेना. मी शांताक्काला म्हटलं, "हात चालत नाही गं. पाय नाही दिला तर हे होणारच नाही. मग माझ्या घरची सगळी लोकर उकिरड्यावर जाणार."

तिनं पदरानं हात पुसले. बराच विचार केला आणि न्याय दिला, अगदी पंचासारखा. "ऐका. आत्ता ही लोकर हाय. वारूळ नाय झालं. लोकर तुडवली तर चालतं. पण आतला साचा काढला, आकार आला, की मग पाय नाय लावायचा. तिथनं फुडं फकस्त हात. सरी?"

"सरी," मी म्हटलं. चटईला वाकून नमस्कार केला आणि चढले.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोजते. टेबलाची कड धरायची आणि टाचा, चवडे, टाचा, चवडे. शंभर झाले की चटई उलगडायची, लोकर फिरवायची, गरम पाणी, पुन्हा शंभर. मी मोठ्यांदा मोजायचे. पोरीही माझ्याबरोबर मराठीत मोजायला लागल्या, एकोणसाठावर सगळ्या अडखळायच्या. नंदिता फोन घेऊन व्हिडिओ काढायला आली, तर मी म्हटलं, "आधी पाणी आण." तिनं आणलं. सातव्या दिवशी संध्याकाळी लोकर चिमटीत धरून ओढली तर सुटली नाही. अख्खं कातडं बरोबर उचललं गेलं. आमच्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्यानं इतकंच केलं असतं आणि बिडी पेटवली असती.

आठव्या दिवशी चीर देऊन साचा काढला. मग कढत पाणी आणि नुसते हात, जेवढे वळतील तेवढे. कंगोरे चिमटून काढले, वरची नळकांडी बोटांवर फिरवून अरुंद केली. काळं, खरखरीत, जागोजागी पांढरा केस मिरवणारं वारूळ टेबलावर ठेवलं आणि हात काढून घेतले. ते उभं राहिलं. नंदितानं त्याला वरून तळवा लावून दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. म्हणाली, "मी चुकले होते. बाई, आता याला काही करू नका. पालथ्या टोपलीवर घालून खिडकीत ठेवा. दोन दिवस वाळू दे. संपलं काम."

तिथे संपायला हवं होतं.

नववा दिवस

वारूळ एका अंगाला कललं होतं. माझा उजवा पाय जास्त जोराचा, त्या बाजूची लोकर जास्त आटली होती. बाकी कुणाला ते खटकलं नाही. खरी वारुळंही कललेली असतात, असं पोरी म्हणाल्या. पण मी रात्रभर त्या कलण्याचाच विचार केला. नीलेश फोटो बघून म्हणणार, पडायला आलंय. धनगर म्हणणार, वाकडं झालं. मला ते ताठ हवं होतं, कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये असं.

नवव्या दिवशी सकाळी नंदिता उद्याच्या तयारीला बाहेर गेली होती. मी वारूळ टोपलीवरून उतरवलं. वाळायला लागलं होतं. पुन्हा कढत पाणी ओतलं, आत टॉवेल कोंबला, चटईत गुंडाळलं आणि डाव्या बाजूवर पाय दिला.

शांताक्का दारातच थांबली. "आकार आलाय अक्का. आता पाय नको म्हनलं होतं."

"शेवटचा राउंड."

"पुरे म्हनलं की पुरे करावं."

मी ऐकलं नाही. मैदानावर आयुष्यभर मी 'अजून एक राउंड' म्हणत आले आणि त्या एका राउंडवर सामने जिंकले.  पाणी मात्र शांताक्कानं तापवून दिलं नाही, ते मी माझं तापवलं. अर्ध्या तासात वारूळ असं सरळ झालं की बघत राहावं.

आणि पाण्यानं निथळत होतं. बाहेर आभाळ भरून आलेलं, बारीक भुरभुर चालू. ऑगस्टात बंगळुरात रुमाल वाळत नाही, तिथे बोटभर जाड लोकर कुठली वाळायला! नंदिता परत आली, तिनं वारूळ उचललं, वजन जोखलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वाळेल." संध्याकाळी वसंत रिक्षानं टेबलफॅन घेऊन आला. ज्या भावाला माझ्या गाठोड्याची लाज वाटत होती, तो दोन तास केस वाळवायचं यंत्र हातात धरून वारुळाच्या एकेका नळकांड्यात गरम हवा सोडत बसला होता. सकाळी हात लावला तर वरून कोरडं होतं.

दहावा दिवस

लोक अकराला यायला लागले. पोरींचे आईबाप, मैत्रिणी, शेजारपाजारचे. पांढऱ्या शेंगा, अळंब्या, बोंडं, सगळं नाजूक आणि नीटस. आणि मधोमध माझं काळं वारूळ. खरं सांगते, सगळ्यांत आधी लोक तिकडेच वळत होते. एका म्हाताऱ्या कानडी गृहस्थांनी तर चपला काढल्या. वसंत इस्त्रीचा शर्ट घालून वारुळाच्या शेजारी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "माय सिस्टर." माझा ऊर भरून आला होता, हे कशाला लपवू?

चाळीस मिनिटं झाली असतील. आधी एक नळकांडं झुकलं. मग वारुळाच्या कमरेला एक वळी पडली, दुसरी पडली, आणि ते सावकाश, अगदी दमलेल्या माणसासारखं, टेबलावर खाली बसलं. एक बाई म्हणाली, "हे असंच करायचं असतं का?" कुणीतरी हसलं. एका पोरीनं पटकन पाण्याची बाटली पुढे केली, आत घालू म्हणून. वसंत कुजबुजला, "ताई, एखादी तार घालूया, कुणाला दिसणार नाही." मी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही. नियम आहे. नाही राहिलं उभं."

फक्त शांताक्का पुढे आली. तिनं खालच्या चिरेतून हात आत घातला आणि बाहेर काढून मला दाखवला. बोटं ओली होती. "आतनं वलं हाय," एवढंच म्हणाली. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. नंदिता माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "लोकर बरोबर होती, बाई," ती म्हणाली. मला रडू फुटलं. मैदानावर हरले तेव्हा मी कधी रडले नव्हते. इथे अनोळखी लोकांसमोर, वसंतच्या इस्त्रीच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मग तोंड धुतलं आणि शेवटपर्यंत त्या बसलेल्या वारुळाशेजारी उभी राहिले. जो येईल त्याला सांगितलं, हे काल उभं होतं, मी त्याला जास्त तुडवलं.

संध्याकाळी नीलेशचा फोन आला.

"आई, राहिलं का उभं?"

"चाळीस मिनिटं."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलं."

 मला वाईट वाटू नये म्हणून आवाज मऊ करून तो म्हणाला, "ठीक आहे गं. तू प्रयत्न केलास. मग ठरल्याप्रमाणे मी रविवारी पोती..."

"पोत्यांना हात लावायचा नाही."

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. तो मी मोडते आहे."

  तो जन्मल्यापासून त्यानं मला नियम मोडताना बघितलं नव्हतं. सख्ख्या भाचीला मी पंच म्हणून बाद दिलेलं त्याला माहीत आहे. मी म्हटलं, "नीट ऐक. आदल्या दिवशी जास्त पळवली म्हणून पोरगी सामन्यात कोसळली, तर पोरीला संघातून काढत नाहीत. लोकरीनं तिचं काम केलं. पुरे कधी म्हणायचं ते मला कळलं नाही. माझ्या चुकीसाठी ती ओढ्यात जाणार नाही."

"मग शब्दाला काय अर्थ राहिला?"

"काही नाही राहिला. सगळ्यांना सांग, आई शब्द फिरवते."

वारूळ मी वसंतच्या घरी ठेवून आले. ते त्याच्या बाल्कनीत आठवडाभर वाळलं, बसलेलंच. त्याला ते तसंच हवं आहे म्हणाला.

मला परत येऊन महिना झाला. पत्र्याच्या खोलीत पोती आहेत, चटई आहे, आणि दुसरं वारूळ पालथ्या टोपलीवर घातलेलं आहे, तीन दिवसांपासून. ते कललेलं आहे. मी त्याला हात लावलेला नाही. नीलेशची गाडी बाहेर लिंबाखाली असते. रोज सकाळी तो काचेवरची पाखरांची घाण पुसतो आणि खोलीकडे बघतो. मी आत असते, आणि दार उघडंच ठेवते.